मासळी बाजाराच्या दोन याद्या

सोमवारचा अंक हातात आला की मी आधी मासळीचे भाव वाचतो. अग्रलेख, राजकारण, क्रिकेट हे सगळे नंतर. विकत घ्यायचे असते म्हणून नव्हे. वयाने आणि डॉक्टरांनी ताटावर बरीच बंधने आणली आहेत. मला ती नावेच वाचायला आवडतात. पापलेट, त्यात कापरी, मोठे, मध्यम, लहान आणि भिला. मग हलवा, सुरमई, रावस, घोळ, करली, भिंग, पाला, ओले बोंबील, मांदेली, राणीमासा. खाडीच्या मासळीत सौंदाळे, नगली, तांबोशी, पालू, लेपा, शेवटे, पेडवी, बेळुंजी, तिसऱ्या, खुबे. समुद्र घाटाखाली शंभराहून जास्त किलोमीटरवर, आणि त्याची अशी हजेरी पुण्यात दर आठवड्याला छापली जाते.

हा रकाना गणेश पेठेतल्या मासळी बाजाराचा असतो. आवक सांगण्याची त्याची एक ठरलेली पद्धत आहे. खोल समुद्रातली मासळी टनांत, आंध्र प्रदेशातून आलेले रहू-कतला टनांत, खाडीची मासळी किलोत आणि नदीची मासळीही किलोत. या टन आणि किलोंमध्ये पुण्याचा बराच इतिहास दडला आहे, आणि आज त्याच्याविषयीच बोलायचे आहे.

माझे लहानपण बुधवार पेठेत, एका वाड्याच्या मागच्या चौकातल्या दोन खोल्यांत गेले. वडील अप्पा बळवंत चौकाजवळ एका छापखान्यात खिळे जुळवत. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. वाड्याच्या मालकांनी खोल्या देताना एकच अट घातली होती, ती तोंडी होती आणि म्हणून जास्त कडक होती: वास येता कामा नये. कशाचा, ते सांगायची गरज नव्हती. सुके बोंबील भाजण्याचा तर प्रश्नच नव्हता. ओली मासळी मात्र महिन्यातून एखाद्या रविवारी यायची. आई दार-खिडक्या लावून ती शिजवायची आणि नंतर कोळशाच्या शेगडीवर मूठभर धूप टाकायची. सगळ्या वाड्याला कळत असे. तरी कुणी काही बोलत नसे, आणि आम्हीही काही घडलेच नाही असे वागत असू. पुण्यातल्या वाड्यांत अशा किती गोष्टी धुपाखाली झाकल्या गेल्या असतील, देव जाणे.

त्या रविवारी सकाळी वडील मला बरोबर नेत. बुधवार चौकातून बेलबाग, मग लक्ष्मी रस्त्याने सोन्या मारुती चौक, पुढे रविवार पेठेची गर्दी, बुरुडांच्या दुकानांतला ओल्या बांबूचा वास, आणि मग गणेश पेठ. ही सगळी वाट पंधरा-वीस मिनिटांची. पण मला ती गावाला जाण्यासारखी वाटे, कारण वाट संपत आली की भाषा बदलायची. तिथे लोक मोठ्याने बोलत, हसत, शिव्या देत, आणि वडीलही घरच्यापेक्षा मोठ्याने बोलत. माशाचे कल्ले उचलून पाहायचे, लालभडक हवेत. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा. अंगावर बोट दाबले तर खळगा राहता कामा नये. या तीन परीक्षा मी पाढ्यांच्या आधी शिकलो.

बाजाराच्या एका टोकाला नदीची मासळी विकणाऱ्या बायका बसत. वडील तिकडे फिरकत नसत. कोकणातल्या माणसाला गोड्या पाण्यातला मासा म्हणजे मीठ विसरलेली आमटी. मी मात्र तिथेच रेंगाळायचो, कारण त्यांचे मासे जिवंत असत. पत्र्याच्या घमेल्यात बोटभर पाणी आणि त्यात काळी, सापासारख्या डोक्याची मरळ वळवळत असे. मरळ हवाही घेऊ शकते, म्हणून एवढ्याशा पाण्यातही जगते, हे मला पुढे कळले. एका बाईंना मी विचारले होते, की ही कुठली? त्या म्हणाल्या, ‘‘कुठली म्हंजे? नदीची. मांजरीकडची.’’ हे १९७० च्या आसपासचे असेल.

मांजरी हे नाव लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

पुणे हे मासे खाणाऱ्यांचे शहर नव्हते, असे आपण सहज म्हणून जातो. ते अर्धेच खरे आहे. पेशव्यांच्या दरबाराला मासा वर्ज्य होता, आणि सारस्वतांशी इथल्या ब्राह्मणांचा जो जुना वाद चालला, त्यांना षट्कर्मांचा अधिकार आहे की तीनच कर्मांचा, त्या वादाच्या मुळाशी त्यांच्या ताटातला मासा होता. पण शहर म्हणजे काही दरबार नव्हे. पेठांमध्ये सैनिक होते, कारागीर होते, मजूर होते. घाटावरून धान्य खाली न्यायचे आणि येताना मीठ, नारळ, सुकी मासळी वर आणायची, हा बैलांच्या तांड्यांचा जुना व्यापार. सुका बोंबील आणि सुकट ही गरिबाची भाजी होती. ओला मासा हवा असेल तर नदी होती आणि नदीवर भोई होते.

भोयांचे दोन धंदे. खांद्यावर पालखी किंवा मेणा, आणि पाण्यात जाळे. दोन्हींना लागते ती एका तालात चालणारी माणसे आणि नदीची ओळख, कारण पालखी पुरातून पलीकडे न्यायची वेळ त्यांच्यावरच येत असे. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली. बोरघाटातला लोहमार्ग मात्र १८६३ पर्यंत तयार नव्हता. त्या मधल्या पाच वर्षांत मुंबईहून येणारा उतारू गाडीतून घाटाच्या पायथ्याशी उतरायचा, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढायचा आणि वर पुन्हा गाडी पकडायचा. म्हणजे आगगाडीच्या दोन तुकड्यांमधली जागा काही काळ पालखीवाल्यांच्या खांद्यांनी भरली! घाटात रूळ पडले आणि ते काम गेले. जाळे तेवढे उरले.

त्याच रुळांवरून पुढे बर्फात घातलेली मुंबईची ओली मासळी वर येऊ लागली. लष्करात तिला गिऱ्हाईक होते. १८८६ च्या सुमारास कॅम्पात कॅनॉट मार्केट उभे राहिले, आजचे शिवाजी मार्केट. मासळीसाठी ते प्रसिद्ध झाले. मार्च २०२१ मध्ये तिथे मोठी आग लागली. शहराच्या बाजूला त्याच वेळी शुक्रवार पेठेत रे मार्केट बांधले गेले. तोवर भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरत असे. एवढा पैसा या इमारतीवर घालू नये, तो शिक्षणाकडे वळवावा, असे म्हणून नगरपालिकेत विरोध करणारे सभासद होते महात्मा फुले, आणि पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीला फुल्यांचे नाव मिळाले. पुणेकरांना हा किस्सा पाठ आहे. त्या मुख्य इमारतीत आज भाजी मिळते, मासा मिळत नाही. मासा पेठांच्या कडेला, नागझरीच्या बाजूला राहिला.

आता दुसरी यादी. ती जुनी आहे आणि ती करणारा एक सैनिक होता.

विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातला अधिकारी. खडकीच्या लढाईत तो पेशव्यांच्या विरुद्ध बाजूने लढला. राज्य घेतल्यावर त्याची मोजदाद करायची असते, म्हणून १८२४ मध्ये कंपनी सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी गोळा करायच्या कामावर नेमले. माणसाला मोजायचा नादच होता. माणसे, जमीन, पाऊस, पिके, पक्षी, सगळे त्याने टिपले. पुढे तो लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीचा अध्यक्ष झाला, कंपनीच्या संचालक मंडळाचाही अध्यक्ष झाला, पार्लमेंटात गेला. पण मला त्याच्याविषयी जो थोडासा लोभ वाटतो तो त्याने केलेल्या दख्खनच्या माशांच्या यादीमुळे. भीमा, इंद्रायणी, मुळा-मुठा या नद्यांतले चाळीसहून अधिक मासे त्याने नोंदवले, त्यांची चित्रे काढली आणि १८३८ च्या अखेरीस लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे ते काम ठेवले. यातल्या अनेक जाती शास्त्राला नव्या होत्या. म्हणून आजही त्यांच्या शास्त्रीय नावांपुढे ‘साइक्स, १८३९’ असे लिहितात.

नव्या जातीला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा. साइक्सने काही नावे लंडनमधल्या स्नेह्यांना वाटली, ते रीतीला धरूनच झाले. पण बऱ्याच माशांना त्याने इथे ऐकलेले मराठी नावच ठेवले. खुद्री, कोलुस, पोटैल, बोगट, नुक्ता, टाकरी, गुंगवारी. साहेबाच्या कानांतून आणि रोमन अक्षरांतून गेल्याने ती थोडी वाकडी झाली आहेत, एवढेच. ही नावे त्याला कुणी सांगितली असतील? संस्कृत पंडिताने नक्कीच नाही, आणि मामलेदारालाही ठाऊक असण्याचे कारण नाही. ती जाळे टाकणाऱ्यांनीच सांगितली. त्यांची नावे साइक्सच्या निबंधात नाहीत, पण त्यांचे शब्द जगभरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत जाऊन बसले. ज्यांच्या बोलीला शहरात कुणी विचारले नाही, तिला लॅटिनच्या शेजारी पाट मिळाला.

यातला खुद्री म्हणजे दख्खनचा महासीर. मोठ्या खवल्यांचा, सोनेरी झाक असलेला, वाहत्या पाण्याशी झुंजणारा मासा. तो कुठे सापडला हे साइक्सने लिहून ठेवले आहे: मुळा-मुठा नदी, पुण्याच्या पूर्वेला आठ मैल. आठ मैल म्हणजे जवळजवळ तेरा किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवून पाहिले तर आपण मांजरीच्या आसपास येतो. त्या बाईंच्या घमेल्याजवळ उभा असताना मला यातले काही माहीत नव्हते. शास्त्राच्या भाषेत त्या जागेला त्या जातीचे मूळ ठिकाण म्हणतात. जगात कुठेही या माशाविषयी शंका आली, की अभ्यासकाला आपल्या मुळा-मुठेचे नाव घ्यावे लागते.

आणि नुक्ता! हा साइक्सला इंद्रायणीत मिळाला. त्याच्या कपाळावर, डोळ्यांच्या पुढे, टेंगूळ असते आणि तोंड त्याच्याखाली दडलेले. पाहणाऱ्याला वाटावे की हा मासा कुठे तरी आपटला आहे. आज तो संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे.

साइक्सनंतर शंभर वर्षांनी, १९४२ मध्ये, फ्रेझर नावाच्या अभ्यासकाने मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पुण्याच्या माशांवर लिहिले. त्यानंतर पुण्यातल्याच प्राध्यापकांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा पुन्हा नदीत उतरून या यादीशी ताळा जमवला. जुन्या यादीतल्या काही जाती शहराच्या हद्दीत सापडेनाशा झाल्या, हे त्यातून दिसत गेले. कारणे सांगायला तज्ज्ञ नको. १८७९ मध्ये खडकवासल्याचे धरण पुरे झाले. महासीरसारखा मासा विणीसाठी प्रवाहाच्या उलट वर जातो. त्याच्या वाटेत भिंत आली. पुढे पानशेत, वरसगाव, टेमघर. धरणातले पाणी कालव्यात आणि नळात गेले, आणि नदीच्या पात्रात उरले ते बहुतांशी आपण वापरून टाकलेले पाणी. आपण त्याला नदी म्हणतो, हा आपला मोठेपणा.

आता दोन्ही याद्या शेजारी ठेवू. सोमवारच्या रकान्यात ‘नदीची मासळी’ या मथळ्याखाली काय असते? रहू, कतला, मरळ, शिवडा, खवली, आंबळी, वाम, चिलापी. रहू आणि कतला हे मुळात गंगेच्या खोऱ्यातले. तळ्या-धरणांत बीज सोडून आपण ते इकडे वाढवले. चिलापी म्हणजे तिलापिया, तो आफ्रिकेतला. आपल्या देशात तो १९५२ मध्ये आणला गेला. घाण पाण्यातही टिकतो, पिल्ले तोंडात सांभाळतो, आणि एकदा आला की जात नाही. साइक्सच्या भोयांना यातली तीन नावे सांगून पाहिली असती, तर त्यांनी हा कुठला मासा म्हणून विचारले असते. त्यांची नावे मात्र आपल्या यादीत नाहीत. खुद्री नाही, कोलुस नाही, नुक्ता नाही. मथळा तोच राहिला, खालचे मासे बदलले.

खुद्रीची गोष्ट तर आणखी चमत्कारिक आहे. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून या माशाची अंडी उबवून पिल्ले वाढवायला घेतली. काम चिकाटीचे आणि नमुनेदार. तिथली बोटुकली देशात ठिकठिकाणी दिली गेली. जगाच्या यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेला हा मासा आता त्या वर्गातून बाहेर आला आहे. आनंदाचीच गोष्ट. पण ही पिल्ले कावेरीतही सोडली गेली, आणि तिथे या पाहुण्याने इतका जम बसवला की कावेरीचा स्वतःचा कुबडा महासीर मागे रेटला गेला. २०१८ मध्ये त्या कुबड्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून झाली. पुण्याच्या नदीवरून ओळखला जाणारा मासा पुण्यात दिसेना, आणि कर्नाटकात उपरा ठरला. चांगल्या हेतूने केलेल्या कामातही हिशेब चुकू शकतो, तो असा.

काही वर्षांपूर्वी एका सहलीत व्हेनिसला जायचा योग आला. भूमध्य समुद्राच्या एका फाट्यावरचे हे शहर. लोक राजवाडे पाहायला गेले, मी रियाल्तोचा मासळी बाजार शोधला. १९०७ ची कमानींची देखणी इमारत, खाली दगडी फरशी, बर्फाचे ढीग आणि आपल्यासारखाच आरडाओरडा. कल्ले उचलून पाहणारी एक आजीबाई दिसली तेव्हा मला वडिलांची आठवण झाली. तिथे भिंतीत एक दगडी पाटी आहे. तिच्यावर माशांची नावे आणि प्रत्येकापुढे सेंटिमीटर कोरले आहेत. एवढ्या लांबीपेक्षा लहान मासा विकायचा नाही. वामेसारखा ईल मासा २५ सेंटिमीटर, कालव ५ सेंटिमीटर. कागदावरचा नियम विसरता येतो. दगडातला रोज ग्राहकाच्या आणि विक्रेत्याच्या डोळ्यांसमोर राहतो. पाटी आहे म्हणून सगळे आलबेल आहे असे नाही. जुन्या व्हेनिसमध्ये राहणारी माणसेच पन्नास हजारांच्या खाली आली आहेत. गिऱ्हाईक कमी आणि फोटो काढणारे फार. मीही त्यातलाच एक.

आपल्याकडे असा नियम आलाच नाही असे नाही. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली. त्यापेक्षा लहान मासा पकडायचा नाही. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ती याच काळजीपोटी. पण हे सगळे समुद्रासाठी. नदीच्या माशाची काळजी आपण पूर्वी एकाच प्रकारे घेतली, देवाच्या नावाने. देहूच्या डोहात मासे मारायचे नाहीत, हा दंडक पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. मासे मारायला बंदी होती. पाणी मारायला बंदी घालावी लागेल, असे तेव्हा कुणाच्या मनात आले नसणार.

गेल्या आखाडात मी पुन्हा गणेश पेठेत गेलो. बुधवार पेठेतला आमचा वाडा आता नाही. तिथे इलेक्ट्रिकच्या सामानाची दुकाने आहेत आणि वर ऑफिसे. वाट मात्र तीच, फक्त वीस मिनिटांच्या जागी मला पस्तीस लागली. गटारीच्या आदल्या रविवारी बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. थर्माकोलचे खोके, बर्फाचा लगदा, लाकडी ठोकळ्यावर चालणारे कोयते. रांगेत सगळ्या पेठांची आणि सगळ्या आडनावांची माणसे होती. एक गृहस्थ फोनवरून घरी विचारत होते, सुरमईचे तुकडे किती जाड करू. कुणी कुणापासून काही झाकत नव्हते. आईने हे पाहायला हवे होते.

पलीकडच्या टोकाला नदीच्या मासळीचे गाळे दिसले. तिशीतला एक मुलगा चिलापीची खवले काढत होता. मी विचारले, ‘‘नदीची का?’’

‘‘नदीचीच, काका. उजनीची. भिगवणवरनं येते.’’

उजनी म्हणजे भीमेवरचे धरण. मुळा-मुठा भीमेला मिळते आणि ते पाणी तिथे जाऊन थांबते. म्हणजे आपल्या शहराचे पाणी वाहत गेले होते आणि टेम्पोतून परत आले होते.

‘‘मांजरीकडची काही येत नाही?’’

तो हसला. ‘‘मांजरीला काय राह्यलंय? आजोबा जायचे तिकडं जाळं घेऊन. मी नाही बघितलं कधी.’’

‘‘खुद्री म्हणून मासा ऐकलाय?’’

त्याने हात थांबवला, क्षणभर विचार केला आणि शेजारच्या गाळ्यावरच्या म्हाताऱ्या बाईंना हाक मारली. ‘‘आजी, खुद्री म्हंजे कुठला गं?’’ त्या बाईंनी माझ्याकडे निरखून पाहिले. मग दोन्ही हात खांद्याइतके लांब करून त्याला माप दाखवले, आणि पुन्हा समोरच्या गिऱ्हाइकाच्या वामेचे तुकडे करू लागल्या.

मी अर्धा किलो चिलापी घेतली.